वाचणारा रेणू : १८एस आरएनएच्या अभ्यासाची प्रस्तावना

१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी पसरली, तेव्हा लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडू लागले आणि औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल बघता बघता संपल्या. हे औषध शरीरात गेल्यावर नेमके कुठे जाऊन बसते, हे विचारायला त्या गडबडीत कोणाला सवड नव्हती. ते बसते जीवाणूच्या रायबोझोमवर. रायबोझोम म्हणजे प्रथिने बांधणारे पेशीतले यंत्र. त्याचे दोन भाग असतात, एक लहान आणि एक मोठा. लहान भागातल्या आरएनएच्या एका खोबणीत टेट्रासायक्लिन अडकते आणि पुढचे अमिनो आम्ल घेऊन येणाऱ्या रेणूला टेकायला जागाच उरत नाही. प्रथिने बांधण्याचे काम थांबते, जीवाणूची वाढ खुंटते. ही खोबण कशी दिसते हे मात्र १९९४ मध्ये कोणी पाहिलेले नव्हते. त्यासाठी २००० साल उजाडावे लागले.

सुरतेच्या पूर्वेला तीसएक किलोमीटरवर बारडोली आहे. मराठी वाचकाला हे गाव १९२८ च्या सत्याग्रहामुळे ठाऊक असते. खानदेशातल्या माणसाला ते ऊसतोडीमुळे अधिक जवळचे, कारण दिवाळीनंतर नंदुरबार, धुळे आणि डांगकडची कितीतरी कुटुंबे कोयते घेऊन या भागात उतरतात. रेणूच्या अभ्यासाच्या प्रस्तावनेत अशा गावाचे नाव कशाला, असे वाचकांना वाटू शकेल. पण ज्या रेणूची ओळख येथे करून द्यायची आहे, तो बारडोलीच्या शिवारात पावलोपावली सापडतो. उसाच्या पेशीत तो आहे, उसात शिरणाऱ्या खोडकिडीत आहे, कांडे आतून लाल करणाऱ्या बुरशीत आहे, मळी आंबवणाऱ्या यीस्टमध्ये आहे, डासात आणि डासाच्या पोटातल्या हिवतापाच्या परजीवीत आहे, आणि ऊस तोडणाऱ्या माणसातही आहे. या सगळ्यांच्या पेशींना वेगळे दिसून येणारे केंद्रक असते, म्हणून त्यांना दृश्यकेंद्रकी म्हणतात. त्यांच्या रायबोझोमच्या लहान भागात जो आरएनए असतो तो १८एस. जीवाणूंमध्ये त्याच जागी, तेच काम करणारा, थोडा आखूड रेणू असतो. त्याला १६एस म्हणतात. यातला ‘एस’ म्हणजे स्वेडबर्ग, सेंट्रिफ्यूजमध्ये कण किती वेगाने तळाकडे सरकतो याचे माप. तेव्हा १८ आणि १६ या आकड्यांतून लांबीचा अंदाज बांधू नये. लांबी वेगळीच मोजतात: आतड्यातल्या ई. कोलाय या जीवाणूत १,५४२ न्यूक्लिओटाइड, यीस्टमध्ये १,८००, माणसात १,८६९.

शालेय आणि महाविद्यालयीन पुस्तकांनी या रेणूला न्याय दिलेला नाही, असे माझे मत आहे. डीएनएला स्वतंत्र प्रकरण मिळते, संदेशवाहक आरएनएला आकृती मिळते, आणि रायबोझोमल आरएनएची ‘रायबोझोमचा घटक’ एवढ्या एका ओळीत बोळवण होते. वास्तविक पेशीतल्या एकूण आरएनएपैकी सुमारे ऐंशी टक्के हाच असतो. वाढीला लागलेल्या यीस्टच्या एका पेशीत दोन लाखांच्या आसपास रायबोझोम असतात आणि मिनिटाला सुमारे दोन हजार नवे तयार होतात. पेशी ज्या गोष्टीवर आपली एवढी मिळकत खर्च करते ती एका ओळीत उरकण्याजोगी कशी असेल?

या दुर्लक्षाचे एक कारण आहे. बरीच वर्षे संशोधकांचाही समज असा होता की रायबोझोममधले खरे कर्ते घटक म्हणजे त्यातली प्रथिने, आणि आरएनए हा त्यांना धरून ठेवणारा सांगाडा. रचना डोळ्यांनी दिसल्यावर चित्र उलटे निघाले. लहान आणि मोठा भाग जिथे एकमेकांना भिडतात आणि जिथे प्रत्यक्ष काम चालते, तिथे मुख्यतः आरएनएच आहे. प्रथिने बाहेरच्या बाजूने बसली आहेत आणि आपल्या लांब शेपट्या आत खुपसून आरएनएच्या घड्या पक्क्या करीत आहेत.

ही रचना उलगडणाऱ्यांपैकी एकाचे शिक्षण बारडोलीहून फार दूर झालेले नाही. वेंकटरामन रामकृष्णन यांचा जन्म तमिळनाडूतल्या चिदंबरमचा, पण ते वाढले बडोद्यात. वडील सी. व्ही. रामकृष्णन यांनी महाराजा सयाजीराव विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचा विभाग उभा केला, आई राजलक्ष्मी याही वैज्ञानिक होत्या. वेंकी यांनी १९७१ मध्ये याच विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि ते अमेरिकेला गेले. भौतिकशास्त्रातली पीएच.डी. हातात आल्यावर त्यांनी जीवशास्त्राची वाट धरली. २००० मध्ये केंब्रिजमधल्या त्यांच्या गटाने उष्ण झऱ्यांत राहणाऱ्या थर्मस थर्मोफिलस या जीवाणूच्या रायबोझोमच्या लहान भागाची, म्हणजे लहान उपघटकाची, रचना सुमारे तीन अँगस्ट्रॉमच्या बारकाव्याने मांडली, आणि टेट्रासायक्लिनची खोबणही त्याच वर्षी दिसली. ॲडा योनाथ यांच्या गटानेही त्याच वर्षी लहान उपघटकाची रचना प्रसिद्ध केली. २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल या दोघांना थॉमस स्टाइट्झ यांच्यासह मिळाले. बडोद्याशी ज्या मराठी घरांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे, त्यांनी या गोष्टीचा थोडासा अभिमान बाळगला तर बिघडणार नाही.

तरी वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तो विजय जीवाणूच्या रायबोझोमवरचा होता. दृश्यकेंद्रकी रायबोझोम आकाराने मोठा, त्यात प्रथिने अधिक, आणि स्फटिक मिळवणे तितकेच अवघड. ते काम फळाला यायला आणखी दहा-अकरा वर्षे लागली. २०११ मध्ये झुरिकमधल्या नेनाद बान यांच्या गटाने टेट्राहायमेना या तळ्यातल्या एकपेशीय जीवाच्या लहान उपघटकाची रचना दिली. त्याच वर्षी स्ट्रासबूर्गमधल्या मरात युसुपोव्ह यांच्या गटाने यीस्टच्या अख्ख्या रायबोझोमची रचना तीन अँगस्ट्रॉमपर्यंत नेली. माणसाचा रायबोझोम त्यानंतर काही वर्षांतच, स्फटिकाची गरज नसलेल्या शीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने स्पष्ट झाला. या मालिकेत यीस्टने आघाडी घ्यावी, याची साखर कारखान्यांच्या मुलखाला मौज वाटायला हवी. मळीपासून मद्यार्क करणारा जीव तोच, सॅकरोमायसीस सेरेव्हिसी.

आता हा रेणू पाहायचा कसा? पहिल्यांदा त्याचा नकाशा पाहावा. १८एस हा एकच सलग धागा आहे, पण तो ठिकठिकाणी स्वतःवरच दुमडून जोड्या जुळवतो आणि त्यातून आखूड-लांब पिळांचा एक झाडोरा तयार होतो. सपाट कागदावर काढलेल्या या नकाशात चार प्रदेश दिसतात. धाग्याच्या सुरुवातीचा प्रदेश उपघटकाचे धड बनवतो, मधला प्रदेश एका बाजूचा फलाट, तिसरा डोके. शेवटचा प्रदेश छोटा आहे, पण त्यातला ४४ क्रमांकाचा लांबलचक पीळ धडाच्या पुढच्या अंगावरून उभा खाली उतरतो, आणि त्याच्या वरच्या टोकाशी या यंत्रातली सर्वांत महत्त्वाची जागा आहे. धड आणि डोके यांच्यामध्ये मान आहे, आणि डोके त्या मानेवर वळते. प्रथिन बांधताना संदेश एक-एक घर पुढे सरकतो तेव्हा हे वळणे कामी येते. त्यामुळे नकाशा पाहून झाल्यावर रेणूकडे हलणारी वस्तू म्हणूनच पाहावे. स्थिर चित्रांनी या विषयात जितकी मदत केली आहे तितकीच दिशाभूलही.

माणसाच्या १८एसची यीस्टच्या १८एसशी तुलना केली तर लांबीत जेमतेम सत्तरचा फरक पडतो. जीवाणूच्या १६एसपेक्षा जे वाढीव आहे, ते काही ठरावीक ठिकाणी फुटलेल्या फांद्यांत आहे. त्यांना विस्तारखंड म्हणतात. मोठ्या भागातल्या आरएनएचे तसे नाही. तो जीवाणूत २,९०४ न्यूक्लिओटाइडचा आणि माणसात पाच हजारांच्या वर. मोठ्याला फुगायची मुभा मिळाली आणि लहान मात्र जवळपास जसाच्या तसा राहिला. असे का व्हावे, याचा विचार करायला लागलात की तुम्ही या विषयात शिरलाच म्हणून समजा. वाचण्याचे काम लहान भागाकडे आहे, हे त्या उत्तराचे एक टोक आहे.

त्या कामाकडे आता जरा सावकाश वळू. संदेशवाहक आरएनएवर तीन-तीन अक्षरांचे गट असतात, आणि जवळपास प्रत्येक गटासाठी एक अमिनो आम्ल ठरलेले असते. ते आम्ल स्थानांतरण आरएनए घेऊन येतो. त्याच्या टोकाशी स्वतःची तीन अक्षरे असतात. ती संदेशातल्या तीन अक्षरांशी जुळली तरच तो रेणू आत घ्यायचा. गंमत अशी की जुळणाऱ्या आणि किंचित न जुळणाऱ्या गटांच्या बंधऊर्जेत फार मोठा फरक नसतो. केवळ त्या भरवशावर काम चालले असते तर चुका आज होतात त्याहून पुष्कळ जास्त झाल्या असत्या. प्रत्यक्षात हजार ते दहा हजार अमिनो आम्लांमागे एखादीच चूक होते. फरक कोण पाडते? लहान उपघटकाचा आरएनए.

जीवाणूच्या १६एसमध्ये १४९२ आणि १४९३ या क्रमांकांवर दोन ॲडेनिने आहेत, ४४ क्रमांकाच्या पिळाच्या आत दडलेली. तिसरा साथीदार ५३० क्रमांकाचे ग्वानिन. माणसाच्या १८एसमध्ये हीच तीन अनुक्रमे १८२४, १८२५ आणि ६२६ या क्रमांकांवर येतात. स्थानांतरण आरएनए येऊन टेकला की दोन्ही ॲडेनिने पिळातून बाहेर उलटतात आणि संदेश व स्थानांतरण आरएनए यांच्यात जुळलेल्या पहिल्या दोन जोड्यांच्या खाचेत बोट घातल्यासारखी शिरतात. तिथे कोणती अक्षरे आहेत हे ती पाहत नाहीत. जोडीचा आकार बरोबर आहे की नाही, एवढेच चाचपतात. कासार हात दाबून बांगडीचे माप ओळखतो, नाव-गाव विचारत नाही, तसेच हे. आकार जुळला तर उपघटकाचे डोके आणि खांदा आतल्या बाजूला मिटतात आणि पुढची पायरी सुरू होते. जुळला नाही तर पाहुणा निघून जातो. तिसऱ्या जोडीची तपासणी एवढी कडक नसते, म्हणून एकाच अमिनो आम्लासाठी शेवटचे अक्षर बदललेले अनेक गट चालून जातात. जनुकीय संकेताचा तक्ता पाठ करताना ज्या पुनरुक्तीचा कंटाळा येतो, तिचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे.

हा भाग वाचकांनी घाईने उलटू नये. माझ्या मते संपूर्ण विषयात याहून देखणे काही नाही.

वाचायला सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न मात्र जीवाणू आणि आपण वेगवेगळ्या रीतीने सोडवतो. जॉन शाइन आणि लिन डालगार्नो यांनी १९७४ मध्ये दाखवले की १६एसच्या शेवटच्या टोकावरची काही अक्षरे संदेशातल्या सुरुवातीच्या खुणेशी थेट जोडी जमवतात. आपल्या १८एसचे शेपूट जीवाणूच्या शेपटाशी पुष्कळ मिळतेजुळते आहे, पण नेमकी ती जोडी जमवणारी अक्षरे त्यात नाहीत. दृश्यकेंद्रकी पेशीत लहान उपघटक आपल्या मदतनीस प्रथिनांसह आणि पहिल्या स्थानांतरण आरएनएसह संदेशाच्या टोकापाशी बसतो आणि तिथून एक-एक अक्षर चाचपत पुढे सरकतो, सुरुवातीचा गट सापडेपर्यंत. मॅरिलिन कोझॅक यांनी १९७८ मध्ये ही कल्पना मांडली. तपशील आजही भरले जात आहेत.

संदेश ज्या चिंचोळ्या वाटेने सरकतो तिचे महत्त्व करोनाच्या साथीत जगासमोर आले. सार्स-कोव्ह-२ विषाणूचे एनएसपी१ हे प्रथिन आपल्या शेपटाने लहान उपघटकातल्या संदेशाच्या वाटेत शिरते, १८एसच्या १८ क्रमांकाच्या पिळाला चिकटते आणि पेशीचे स्वतःचे संदेश आत येऊ देत नाही. म्युनिक आणि झुरिकच्या गटांनी हे २०२० मध्येच दाखवले. साथ सुरू असताना इतक्या झटपट उत्तर मिळाले, कारण मागची वीस वर्षे कोणीतरी या रेणूच्या घड्या मोजत बसले होते.

हा रेणू तयार कसा होतो, याबद्दल थोडक्यात सांगतो. मानवी पेशीत त्याची जनुके शेकड्यांनी आहेत आणि ती १३, १४, १५, २१ व २२ या पाच गुणसूत्रांच्या आखूड भुजांवर रांगेने मांडलेली आहेत. केंद्रकातल्या केंद्रकीत सुमारे तेरा हजार न्यूक्लिओटाइडचा एक लांब धागा प्रथम तयार होतो. त्यातून १८एस, ५.८एस आणि २८एस असे तिघे कापून काढले जातात, आणि जवळपास निम्मा धागा टाकून द्यावा लागतो. शेकडो मदतनीस प्रथिने त्यावर काम करतात. त्यांची नावे पाठ करायचा खटाटोप नवख्या वाचकाने करू नये. दोनच गोष्टी पाहाव्यात. यू३ नावाचा एक छोटा आरएनए १८एसच्या कच्च्या धाग्याशी मुद्दाम तात्पुरती जोडी जमवतो, म्हणजे मधली गुंतागुंतीची घडी अवेळी पडत नाही. आणि यीस्टमध्ये असे दिसते की लहान उपघटक पुरता पक्का होण्याआधी त्याला मोठ्याशी जोडून पाहिले जाते, त्यानंतरच शेवटचा काप दिला जातो. या कारखान्यात बिघाड झाला तर त्याचा फटका फार वेगळ्या ठिकाणी बसतो. डायमंड-ब्लॅकफॅन ॲनिमिया या आजारात लहान मुलांच्या शरीरात लाल रक्तपेशी नीट तयार होत नाहीत. १९९९ मध्ये त्याचे पहिले जनुक सापडले ते याच उपघटकातल्या एका प्रथिनाचे.

औषधांकडे परत यायला हवे, कारण तेथे एक गैरसमज नेहमी आढळतो. प्रतिजैविके जीवाणूला मारतात पण आपल्याला सोडतात, कारण आपला रायबोझोम वेगळा, असे सरसकट सांगितले जाते. टेट्रासायक्लिनच्या बाबतीत हे अर्धेच खरे आहे. त्याची जागा आपल्या १८एसमध्येही फारशी निराळी नाही. ते जीवाणूंवर चालते याचे बरेचसे श्रेय जीवाणू ते आत ओढून साठवतात याला आहे. दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात भात आणि उसाच्या चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस होतो. त्यावर दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन याच कुळातले.

जेंटामायसिनचे तसे नाही. तेथे फरक खरोखरच एका अक्षराचा आहे. जीवाणूच्या १६एसमध्ये १४०८ या जागी ॲडेनिन असते, आपल्या १८एसमध्ये त्या जागी ग्वानिन. औषधाला ॲडेनिन लागते. पण आपल्या तंतुकणिकांत त्यांचे स्वतःचे छोटे रायबोझोम असतात, आणि त्यांचा १२एस आरएनए जीवाणूच्या वळणाचा आहे. काही कुटुंबांत या १२एसमध्ये १५५५ क्रमांकावर एक अक्षर बदललेले असते. त्यामुळे ती जागा जीवाणूच्या जागेसारखी आणखी दिसू लागते आणि अशा व्यक्तीला जेंटामायसिन दिले तर कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. १९९३ मध्ये हा संबंध उघड झाला. तंतुकणिका आईकडूनच येतात, तेव्हा अशा रुग्णाच्या आजोळची चौकशी करण्याला अर्थ आहे.

सुरत जिल्ह्याला हिवताप नवा नाही, आणि या रेणूचा अभ्यासही हिवतापाशी चांगलाच गुंतलेला आहे. रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही आजही मुख्य तपासणी. पण परजीवी फार थोडे असतील, किंवा त्याच्या व्हायवॅक्स आणि फॅल्सिपेरम या दोन्ही जाती एकाच रक्तात असतील, तर डोळा चुकू शकतो. १९९३ मध्ये जॉर्जेस स्नूनू आणि सहकाऱ्यांनी १८एसच्या जनुकावर आधारलेली दुहेरी पीसीआर चाचणी दिली. जगभरच्या हिवताप प्रयोगशाळा आजही तिच्या आधाराने जाती ओळखतात. याहून विलक्षण बाब म्हणजे या परजीवीकडे एकाच नमुन्याचा १८एस नाही. १९८७ मध्ये उंदरांच्या हिवतापाच्या परजीवीवर काम करताना आढळले की सस्तन प्राण्याच्या रक्तात असताना तो एक प्रकारचा १८एस वापरतो आणि डासात गेल्यावर दुसरा. आपल्या पेशीत शेकडो प्रती असूनही त्या जवळपास एकसारख्या ठेवल्या जातात, तर याच्याकडे मोजक्याच प्रती आणि त्याही वेगवेगळ्या. दोन यजमानांच्या तापमानांतला फरक हे कारण असावे असे काहींना वाटते. काही प्रती काढून टाकूनही परजीवी जगतो, असे प्रयोग त्याविरुद्ध आहेत. वाद मिटलेला नाही, आणि तरुण संशोधकाला येथे भरपूर मोकळी जागा आहे.

ओळख पटवण्याचा धागा पकडला की आपण कार्ल वूझ यांच्यापाशी येतो. इलिनॉयमध्ये बसून वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी लहान उपघटकाच्या आरएनएचे तुकडे करून त्यांच्या यादीवरून नाती ठरवली आणि १९७७ मध्ये सांगितले की सजीवांचे मूळ विभाग दोन नसून तीन आहेत. दृश्यकेंद्रकींच्या बाजूने त्यांनी त्या तक्त्यात उभे केलेले प्रतिनिधी फार साधे होते: यीस्ट, उंदराच्या पेशी आणि लेम्ना, म्हणजे आपल्याकडे साचलेल्या पाण्यावर हिरवा थर धरणारी ती इवली वनस्पती. वीस वर्षांनी, १९९७ मध्ये, १८एसच्याच क्रमांवरून कात टाकणाऱ्या प्राण्यांचा एक मोठा गट मांडला गेला. कीटक आणि सूत्रकृमी त्यात एकत्र आले. उसाच्या खोडात शिरणारी अळी आणि मुळांना गाठी आणणारा सूत्रकृमी हे परस्परांचे दूरचे नातलग आहेत, हे त्यापूर्वी फारसे कोणी मानत नव्हते.

येथे एक सावधगिरी सांगणे मला भाग आहे. १८एस फार हळू बदलतो, म्हणून दूरची नाती त्याच्यावरून छान दिसतात आणि जवळची पुसट होतात. उसावरच्या लाल कुजीची बुरशी तिच्या जवळच्या भाईबंदांपासून वेगळी ओळखायची असेल तर केवळ १८एसवर विसंबू नये. तेव्हा १८एस आणि २८एस यांच्यामधला, कापून टाकला जाणारा तो भाग कामी येतो. पेशीला त्याचा तयार रेणूत उपयोग नसतो, म्हणून तो झपाट्याने बदलतो आणि जाती वेगळ्या दाखवतो. बुरशींसाठी तोच अधिकृत ओळखपट्टा म्हणून २०१२ मध्ये सुचवला गेला. तो वाचायला लागणारे सुरुवातीचे तुकडे मात्र शेजारच्या न बदलणाऱ्या १८एस आणि २८एसवरच टेकवावे लागतात.

या विषयाकडे येणारे वाचक तीन वाटांनी येतील असे मी धरून चाललो आहे. वैद्यकाकडून येणाऱ्यांनी औषधांच्या भागापासून सुरुवात करावी. शेती आणि कीटकशास्त्राकडून येणाऱ्यांनी ओळख पटवण्याच्या भागापासून. रसायन किंवा भौतिकशास्त्राकडून येणाऱ्यांनी थेट रचनेत उडी घ्यावी; वेंकी रामकृष्णन यांचेच उदाहरण समोर आहे. क्रमांक लक्षात ठेवण्याचे ओझे कोणीही घेऊ नये. आकृती समोर ठेवून वाचले म्हणजे ते आपोआप मनात बसतात. प्रोटीन डेटा बँकेत यीस्टचा आणि माणसाचा रायबोझोम कोणालाही विनामूल्य उघडून फिरवून पाहता येतो. मोबाइलवरसुद्धा हे जमते. क्रमांची तुलना करायची असेल तर ब्रेमेनमध्ये उभा राहिलेला सिल्वा हा संग्रह आहे. इंग्रजीची भीती वाटत असली तरी थांबू नका. रेणूची चार अक्षरे सर्वांना सारखीच परकी आहेत.

प्रयोगशाळा जवळ असलेल्यांचे भाग्य थोडे अधिक. बारडोली–महुवा रस्त्यावर तरसाडी येथे २०११ पासून उका तरसाडिया विद्यापीठ आहे, तेथे जैवतंत्रज्ञान शिकवले जाते. नवसारीचे कृषी विद्यापीठही लांब नाही. अशा कोणत्याही ठिकाणी आरएनए वेगळा करून ॲगारोजच्या जेलमधून चालवला की १८एस नुसत्या डोळ्यांना दिसतो. यीस्टचा, उसाच्या पानाचा किंवा रक्तपेशींचा नमुना घेतला तर दोन ठळक पट्टे उमटतात: वरचा मोठ्या भागातल्या लांब आरएनएचा, खालचा १८एसचा. वरचा खालच्यापेक्षा सुमारे दुप्पट उजळ असेल तर नमुना चांगला, असे विद्यार्थ्याला शिकवतात, आणि ते बरोबरही आहे.

फक्त खोडकिडीवर काम करणाऱ्यांनी या नियमावर आंधळेपणाने विसंबू नये. बहुतेक कीटकांच्या २८एसमध्ये, म्हणजे मोठ्या भागातल्या त्या लांब आरएनएमध्ये, मधोमध एक छुपा काप असतो. दोन्ही अर्धे केवळ जोड्यांच्या जोरावर एकत्र राहिलेले असतात. नमुना जेलवर चढवण्याआधी तापवला की ते सुटतात, आणि प्रत्येक अर्धा जवळपास १८एसएवढाच असल्याने सगळे एकाच पट्ट्यात गोळा होतात. वरचा पट्टा नाहीसा झालेला पाहून आरएनए खराब झाला असे वाटते. तो चांगला असतो. अशा वेळी नमुना फेकून देण्याआधी त्याचा थोडा भाग न तापवता शेजारच्या घरात चालवून पाहावा.